महाराष्ट्र तर प्लेटच्या मधोमध आहे, मग आपल्याकडे भूकंप का होतात? आणि ज्वालामुखी का नाहीत?

आसनाकाठ:

नमस्कार सगळ्यांना. मी वसमतची, हिंगोली जिल्हा. प्रश्न खरं तर माझा नाही, लेकीचा आहे, ती नववीत आहे, पण दोन दिवस झाले मला उत्तर देता येत नाहीये म्हणून इथे टाकतेय. २०२४ च्या जुलैत सकाळी सातच्या सुमारास आमच्याकडे ४.५ चा धक्का बसला तेव्हा मी तिचा डबा भरत होते, आधी जमिनीखालून भरलेला ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि मग मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजायला लागली, सासूबाई देवघरातूनच ओरडल्या की लेकराला घेऊन बाहेर पळा. सगळं मिळून पाच-सात सेकंदच असतील पण तेव्हापासून लेक या विषयाच्या मागेच लागलीय.

आता तिने जगाच्या नकाशावर सगळ्या भूपट्टांच्या, म्हणजे प्लेटांच्या, कडा रंगवल्यात आणि भूकंपांचे ठिपके टाकलेत, जपान, इंडोनेशिया, चिली, सगळे ठिपके कडेकडेने. महाराष्ट्र कडेपासून कितीतरी आत. तर ती विचारते, आई आपण तर मधोमध आहोत, मग आपलं घर का हललं, आणि किल्लारी का झालं? दुसरं, सह्याद्री अख्खा लाव्हाचा आहे असं पुस्तकात आहे, मग ते ज्वालामुखी गेले कुठे आणि परत येतील का? इकडे प्रत्येक धक्क्यानंतर व्हॉट्सॅपवर मेसेज फिरतो की मराठवाड्याखाली ज्वालामुखी तयार होतोय, म्हातारी माणसं रात्रभर झोपत नाहीत हो. आणि माझा स्वतःचा एक प्रश्न, या प्लेटा तरंगतात कशावर, खाली लाव्हाचा समुद्र आहे का? सोपं करून सांगा, पण चुकीचं सोपं नको.

काळाकातळ:

ताई, लेकीला शाबासकी द्या, तिने विचारलेला पहिला प्रश्न आमच्या एमएस्सीच्या वर्गातसुद्धा कोणी सहज विचारत नाही. मी बरीच वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतोय, जमेल तसं लिहितो, लांबेल.

आधी तुमचा प्रश्न. खाली लाव्हाचा समुद्र नाही. ही गोष्ट एकदा डोक्यातून गेली की पुढचं सगळं सोपं होतं. प्लेट म्हणजे साधारण शंभर किलोमीटर जाडीचा थंड, कडक दगड, आणि तिच्याखालचं प्रावरणही दगडच आहे, घन दगड, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशोबात तो डांबरासारखा हळूहळू वाहतो. उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर बघा, पाय दिला तर घट्ट लागतं पण उतारावर महिन्याभरात त्याचा ओघळ खाली सरकलेला असतो, तसं काहीसं. या मऊ दगडावरून आपली प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतेय, जवळपास बोटाची नखं वाढतात त्या वेगाने.

आता कडांवर काय होतं. लोकांना वाटतं प्लेट सरकली की भूकंप होतो. उलट आहे. प्लेट सरकायला पाहिजे आणि कड अडकून बसलीय, तेव्हा भूकंपाची तयारी होत असते. खोलवरचा गरम दगड मऊपणाने सरकत राहतो पण वरचे दहा-वीस-तीस किलोमीटर घर्षणाने चिकटलेले, मग मागून रेटा येतच राहतो आणि दगड चक्क वाकतो, ऊस वाकवावा तसा. जपानच्या पूर्वेला पॅसिफिक प्लेट वर्षाला ८-९ सेंटीमीटरने जपानखाली घुसतेय आणि शेकडो वर्षं ती कड अडकून होती. ११ मार्च २०११ ला ती सुटली, समुद्राखालच्या गर्तेजवळ (प्लेट जिथून खाली घुसते तिथली खोल घळ) काही मिनिटांत जवळपास ५० मीटर सरक झाली, आणि जपानचा किनारा काही ठिकाणी ५ मीटरपर्यंत पूर्वेला गेला. समुद्राचा तळच उचलला गेला म्हणून त्सुनामी. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रा ते अंदमान हीच गोष्ट सुमारे १३०० किलोमीटर लांबीवर झाली आणि तिथे तर घुसणारी प्लेट आपल्याच बाजूची आहे.

ज्वालामुखीचं वेगळं आहे. दगड वितळायला उष्णता वाढवावीच लागते असं नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. प्रेशर कुकर आठवा. आत पाणी ११५-१२० डिग्रीला असतं तरी नीट उकळत नाही कारण दाब आहे, आणि दाब एकदम काढला तर उष्णता न वाढवता ते भसकन उकळतं. म्हणूनच कुकर घाईत उघडू नका म्हणतात. जिथे दोन प्लेटा एकमेकींपासून दूर जातात, उदाहरणार्थ आइसलंड, तिथे खालचा गरम दगड वर येतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो वितळायला लागतो. ही एक रीत. दुसरी रीत जपान, इंडोनेशियाची, जिथे समुद्राखालची प्लेट खाली जाताना दगडांतच मुरलेलं पाणी सोबत घेऊन जाते, साधारण १०० किलोमीटर खोलीवर ते पाणी पिळून निघतं आणि वरच्या गरम दगडात मिसळतं, आणि पाणी मिसळलेला दगड कमी तापमानाला वितळतो. बर्फावर मीठ टाकलं की तो लवकर वितळतो, तसंच. म्हणून गर्तेला समांतर अशी ज्वालामुखींची रांगच्या रांग उभी राहते.

हिमालयात भूकंप भयंकर पण ज्वालामुखी नाहीत, कारण तिथे आता दोन्हीकडून खंडांचा जाड आणि हलका दगड भिडलाय, ओला समुद्रतळ खोल जात नाहीये. आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियाससारख्या ठिकाणी प्लेटा शेजारून घासत जातात, तिथे भूकंप होतात, पण त्या घासण्याने खाली दगड वितळत नाही. लेकीला सांगा, नकाशावर ज्वालामुखींचे ठिपके वेगळ्या रंगाने टाक, हे आपोआप दिसेल.

मधोमध असण्याचं रात्री लिहितो, आता तास आहे.

तेरणेचा:

सर लिहितीलच पण माझ्याकडून थोडं. मी औसा तालुक्यातला, किल्लारीपासून फार लांब नाही आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा पाचवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, मिरवणूक उशिरापर्यंत चाललेली, सगळी माणसं थकून गाढ झोपेत. त्याच्या आदल्या वर्षी, ९२ च्या ऑक्टोबरात, बारके बारके धक्के लई बसले होते, तेव्हा लोक कित्येक दिवस अंगणात झोपले, मग धक्के कमी झाले आणि सगळे परत घरात गेले.

आमच्याकडची जुनी घरं कशी होती ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं भूकंपानं माणसं मारली. भिंती दोन-अडीच फूट रुंद, गोलसर दगड आणि मधी माती, दोन्ही बाजूंनी दगड रचलेले पण आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला जोडणारे लांब दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे लाकडं टाकून त्यावर पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून दर सालाला वर नवी माती पडायची, जुनी कोणी काढत नव्हतं, आज्याच्या काळापासून थर वाढत वाढत दोन-दोन फूट झालेला. उन्हाळ्यात ते घर इतकं गार असायचं की दुपारी बाहेर जावं वाटत नसे. आणि तेच छत पहाटे अंगावर आलं. दगडाखाली कमी आणि मातीखाली गुदमरून जास्त गेले असं आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात. आमचं घर खांबांवरचं होतं, सागवानी खांब, भिंती चारी बाजूंनी बाहेर पडल्या पण माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं, म्हणून मी हे लिहितोय. शेजारचं घर बिनखांबाचं होतं. त्या घरातलं कोणी राहिलं नाही.

सकाळी उजाडलं तेव्हा पाऊस होता. मातीचा वास आला की मला अजून ती सकाळ आठवते. एवढंच.

काळाकातळ:

तेरणेचे दादा, तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात सांगेन, परवानगी असेल तर.

आता मधोमध असण्याचं. एसटी आठवा, दिवाळीच्या सुट्टीतली. मागच्या दारातून लोक आत रेटतायत आणि पुढे वाट बंद आहे. दाब फक्त दारातल्या माणसाला आणि पुढच्या दांडीला चिकटलेल्या माणसालाच लागतो का? मधल्या प्रत्येकाला लागतो. आणि मधल्यांत ज्याचं कोपर आधीच दुखरं आहे ते पहिलं दुमडतं. आपल्या प्लेटचं तसंच आहे, मागून नैर्ऋत्येकडे हिंदी महासागराच्या तळाशी नवा दगड तयार होऊन रेटा येतोय, पुढे हिमालयापाशी तिबेटने वाट अडवलीय, सुमारे ५ कोटी वर्षं हे चाललंय, आणि त्यामुळे कन्याकुमारीपासून डेहराडूनपर्यंत अख्खी प्लेट दाबाखाली आहे. या प्लेटमध्ये फार जुन्या, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या भेगा आहेत, आम्ही त्यांना प्रस्तरभंग म्हणतो, बोलताना फॉल्ट. त्यातल्या बऱ्याच आपल्या लाव्हाच्या काळ्या कातळाखाली झाकलेल्या, वरून दिसतच नाहीत. किल्लारीला हा काळा कातळ तीन-साडेतीनशे मीटर जाडीचाच आहे, खाली जुना ग्रॅनाइटसारखा दगड, आणि तिथल्याच एका भेगेवर एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढली. जवळच्या शेतात जमीन फाटून उचलली गेलेली लोकांनी डोळ्यांनी बघितली.

फरक कुठे आहे तर वेळेत. कडेवर दरवर्षी सेंटीमीटरच्या हिशोबाने ताण भरतो, आपल्याकडे त्याच्या अगदी छोट्या अंशाने, म्हणून एखादी भेग पुन्हा हलायला हजारो वर्षं लागू शकतात. म्हणून नकाशावर ठिपके कमी. पण कमी म्हणजे नाहीत असं नाही, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे, जिथे चार पिढ्यांत धक्का आठवत नाही तिथे घर बांधताना कोणी भूकंपाचा विचार करत नाही. किल्लारी ६.२ होता (काही ठिकाणी ६.४ वाचाल, मोजायची पद्धत वेगळी), जपानमध्ये एवढ्या भूकंपात बहुतेक वेळा घरं उभी राहतात. इथे जवळपास १० हजार माणसं गेली आणि ५२ गावं भुईसपाट झाली.

ताई, तुमच्या ४.५ ची किल्लारीशी तुलना लोक करतायत म्हणून सांगतो, आकडा एकने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, तेव्हा किल्लारीची ऊर्जा तुमच्या धक्क्याच्या साडेतीनशे पटींच्या आसपास होती.

कोयनेकाठी:

आमच्या भागाचा उल्लेख आला नाही म्हणून लिहितोय. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनानगरचा भूकंप, तोही पहाटेच, सव्वाचारच्या पुढे. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, थंडी पडली की हा विषय निघतोच. लोक म्हणतात धरणाने भूकंप आणला, शास्त्रज्ञ म्हणतात धरणाने चालना दिली, आणि हा फरक मला फार उशिरा कळला. ताण आधीचाच, वर सरांनी सांगितलेला एसटीतला. भेगही आधीचीच. १९६२ पासून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागला तेव्हा पाणी हळूहळू भेगांमध्ये खोल मुरलं आणि तिथल्या पाण्याच्या दाबाने दोन बाजूंची पकड सैल झाली. धरण भरायला लागल्यापासूनच छोटे धक्के सुरू झाले आणि ६७ ला तो मोठा.

गंमत नाही, अभिमानाने सांगतो की धरणामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचा अभ्यास करायला जगात आमच्याइतकी चांगली जागा क्वचितच असेल कारण इतकी वर्षं झाली तरी एका छोट्याशा पट्ट्यात धक्के चालूच आहेत. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय, वरचा सव्वा किलोमीटर सगळा काळा कातळ आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला. आपण विहिरीला साठ फुटांवर पाणी लागलं की थांबतो, हे ३ किलोमीटर खाली उतरले.

शिंकान्सेन:

मी मूळची पुण्याची, आता बारा वर्षं जपानमध्ये. ताई, तुम्ही लिहिलेला ट्रकचा आवाज वाचून थांबले. तो आवाज म्हणजे पहिली लाट. भूकंपातून दोन प्रकारच्या मुख्य लाटा निघतात, पहिली दगडाला दाबत-सोडत पळते, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर, ती फारसं नुकसान करत नाही पण तिचा घरघराट ऐकू येतो. दुसरी आडवी हलवणारी, जवळपास निम्म्या वेगाची, ताटं वाजवते ती ही. इथे मोबाइलवर जो इशारा येतो तो याच फरकावर चालतो, केंद्राजवळच्या यंत्रांनी पहिली लाट पकडली की बाकी शहरांना दुसरी पोहोचायच्या आत निरोप जातो. कधी पाच सेकंद मिळतात, कधी वीस, कधी काहीच नाही. माझा मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून त्याला एवढं पाठ आहे, फोन वाजला की टेबलाखाली आणि टेबलाचा पाय घट्ट धरायचा.

लेकीसाठी एक गणित देते. आवाज आणि हादरा यांच्यामध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि त्याला आठने गुणायचं, भूकंप साधारण किती किलोमीटरवर झाला ते कळतं. अगदी अचूक नाही पण अंदाज येतो.

कडेकपारी:

ज्वालामुखीचं मी सांगते, सह्याद्रीत वीस वर्षं फिरतेय आणि दर ट्रेकला हा प्रश्न येतोच. माळशेज घाटात किंवा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला उभं राहून समोर बघा, कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात, मधे मधे गेरूसारखा तांबडा पट्टा. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक पूर. तो थंड झाला, त्यावर हवा-पाण्याने माती तयार झाली, मग पुढचा पूर आला आणि ती माती भाजून लाल झाली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि हे पूर शंकूसारख्या डोंगरातून कमी आणि जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून जास्त आले, म्हणून आपल्याला ज्वालामुखीचं तोंड कुठे सापडत नाही. आज उरलाय तो कातळच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलाय.

आणि ते ज्वालामुखी गेले कुठे? ते गेले नाहीत, आपण गेलो. तव्याखालची ज्योत तिथेच आहे आणि तवा सरकला. खोलवरून गरम दगडाचा एक झोत वर येत होता, तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला त्याच्या वर होती. मग प्लेट उत्तरेला सरकत गेली आणि ज्योतीने तव्यावर डागांची रांग सोडावी तशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी खूण राहत गेली. आज ती ज्योत रीयुनियन बेटाखाली आहे, तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजून वरचेवर लाव्हा ओततो. आपल्यापासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब. त्यामुळे ताई, सासूबाईंना निर्धास्त झोपायला सांगा, मराठवाड्याखाली ना प्लेटा दूर जातायत, ना कोणी खाली घुसतंय, ना तो झोत उरलाय. भूकंप झाला म्हणून ज्वालामुखी येत नाही.

लोणारबद्दल पण लोक म्हणतात ज्वालामुखीचं तोंड आहे, ते चूक आहे, ती उल्का पडून झालेली जागा आहे, या काळ्या कातळातच. आणि भारतात जिवंत ज्वालामुखी बघायचा तर अंदमानात बॅरन बेट, तिथे आपली प्लेट खाली जातेय, म्हणजे सरांनी सांगितलेली पाण्याची रीत.

आसनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. तेरणेचे दादा, तुमचं वाचून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की माहेरी भावाचं घर अजून माळवदाचंच आहे, आज त्यांना फोन लावून वरची माती किती आहे ते विचारायला लावलं. हातभर आहे म्हणाले. दिवाळीच्या आत ती उतरवायची आणि पत्रे टाकायचे असं ठरलंय, खांब आहेत ते तसेच ठेवणार.

व्हॉट्सॅपवाल्यांना मी रीयुनियनचं लिहून पाठवलं, तव्याच्या उदाहरणासकट.

आणि लेकीने ते आठने गुणायचं वाचल्यापासून मला सोडलं नाही. मला ओट्यापाशी उभं केलं, हातात डबा दिला आणि म्हणाली तू त्या दिवशी आवाज आल्यावर काय काय केलंस ते सगळं परत कर, ताटं वाजेपर्यंतचं. मी आठवून आठवून केलं, आवाज आला, डब्याचं झाकण लावलं, मान वळवून खिडकीतून रस्त्याकडे बघितलं की ट्रक कुठाय, आणि तेवढ्यात ताटं. तीन वेळा करून घेतलं आणि मोबाइलवर वेळ लावली, दर वेळी तीन सेकंदांच्या आसपास. तीन आठे चोवीस. आता ती जिल्ह्याचा नकाशा पसरून वसमतवर कंपासचं टोक ठेवून बसलीय आणि चोवीस किलोमीटरचं वर्तुळ काढलंय, ते कळमनुरी तालुक्याला लागतंय, केंद्र तिकडेच सांगितलं होतं. पण तिचा पुढचा प्रश्न असा आहे की एका घरातून फक्त वर्तुळ मिळतं, मग नेमकी जागा कशी काढतात, आणखी किती घरांतल्या आया विचाराव्या लागतील?

शिंकान्सेन:

तिला सांगा, आणखी दोन. तुम्ही धरून तीन, वेगवेगळ्या गावांतल्या.